एनआयओएसमधून दहावी : घरी शिकणाऱ्या मुलीचा रिव्ह्यू (जरा मोठा झालाय)

मी नाशिकची, वय १७, तिसरीनंतर शाळेत गेले नाही, घरीच शिकते. मागच्या वर्षी एनआयओएसमधून दहावी पूर्ण झाली आणि तेव्हापासून आईला ओळखीतल्या, अनोळखी अशा बऱ्याच आई-बाबांचे फोन येतात, की कसं आहे, मुलीला जमलं का, त्रास झाला का, पुढे अ‍ॅडमिशन मिळते का. आई सगळ्यांना तेच तेच सांगून दमते म्हणून मी म्हटलं मीच लिहून टाकते. आणि आई-बाबांपेक्षा जास्त मला ते माझ्या वयाच्या मुलामुलींसाठी लिहायचंय, कारण फॉर्म आई-बाबा भरतात पण रोज सकाळी पुस्तक उघडायचं की नाही हे आपल्याला ठरवायचं असतं.

आधी थोडक्यात, ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी. एनआयओएस म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओपन स्कूलिंग, केंद्र सरकारचं बोर्ड आहे, ऑफिस नोएडाला सेक्टर ६२ मध्ये. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रोजेक्ट म्हणून सुरू झालं, १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून वेगळं झालं आणि २००२ पासून आत्ताचं नाव आहे. महाराष्ट्रासाठी रिजनल सेंटर पुण्यात आहे. दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत. आणि घरी शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दहावीच्या अ‍ॅडमिशनला आधीच्या शाळेचा दाखला असलाच पाहिजे असं नाही, मी दहावीचा अभ्यास करू शकते असं स्वतःचं घोषणापत्र चालतं. शाळेत कधीच न गेलेली मुलंसुद्धा यातून दहावी करू शकतात.

आता माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं वाचायचं नाही त्यांचं काम होईल. एनआयओएस फार चांगलं आहे, पण ती शाळा नाही आणि शाळेची जागा ते घेत नाही. ते तुम्हाला पुस्तकं देतं, परीक्षा घेतं आणि सर्टिफिकेट देतं, मधला सगळा दिवस तुमचा. तो दिवस ज्यांना हवा आहे आणि ज्यांच्याकडे त्यात करायला काहीतरी आहे त्यांच्यासाठी याच्यापेक्षा चांगलं बोर्ड मला तरी दिसत नाही. ज्यांना फक्त शाळेतून सुटका हवी आहे त्यांना पहिले दोन महिने मस्त वाटेल आणि नंतर खूप एकटं वाटेल.

माझा दिवस कसा असतो ते सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोकांना वाटतं घरी शिकणारी मुलं दहापर्यंत झोपतात. मी साडेसहाला उठते, आजीबरोबर चहा होतो, आठ ते अकरा लिहायचं काम, म्हणजे गणित किंवा जे काही हातात पेन घेऊन करायचं ते, कारण अकरानंतर आमच्या गल्लीत भाजीवाले, कुरिअरवाले, शेजारचं बांधकाम असं सगळं सुरू होतं आणि माझं डोकं लिखाणाला लागत नाही. दुपारी वाचन, नाहीतर सार्वजनिक वाचनालय, आमच्याकडे सगळे सावाना म्हणतात, १८४० चं आहे आणि मला अख्ख्या नाशिकमध्ये सगळ्यात जास्त आवडणारी जागा तीच. संध्याकाळी पोहणं. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी शक्य होईल तेव्हा पहाटे निघून नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, कारण मी पक्षी बघते आणि तो सीझन म्हणजे माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा सण. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, चापडगावच्या बाजूने आत गेलं की सकाळच्या धुक्यात पाण्यावर आधी फक्त आवाज ऐकू येतात आणि मग हळूहळू बदकांचे थवे दिसायला लागतात. माझ्या वयाची शाळेतली मुलं तेव्हा प्रिलिमच्या तयारीत असतात. मला त्या दिवसांत तिथे उभं राहता येतं हे मला एनआयओएसमुळे मिळालं, म्हणून मी याला एवढे मार्क देतेय हे आधीच सांगते.

विषय निवडणं. हा भाग सगळ्यांनी नीट वाचा. दहावीला पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा हवीच आणि जास्तीत जास्त दोन भाषा घेता येतात, वर अजून दोन जादा विषय घ्यायची सोय आहे. बाकी विषय तुम्ही निवडायचे. गणित आणि विज्ञान सक्तीचं नाही, हे ऐकून बरीच मुलं उड्या मारतात, पण मी सांगेन की जरा थांबा. ज्याला पुढे आर्ट्स, संगीत, चित्रकला, लॉ असं काही करायचंय आणि गणिताने ज्याची झोप उडालेली आहे त्याने बिनधास्त सोडावं, त्यासाठीच ही सोय आहे. पण पॉलिटेक्निकचा किंवा सायन्सचा थोडा जरी विचार असेल तर दोन्ही घ्या, नंतर जाऊन तेवढ्यासाठी परत परीक्षा देण्यापेक्षा आत्ता करून टाकलेलं बरं. मी मराठी (कोड २०४), इंग्लिश (२०२), गणित (२११), विज्ञान (२१२) आणि चित्रकला (२२५) घेतले. माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीने गृहविज्ञान आणि डेटा एन्ट्री घेतलं, तिला ते खूप आवडलं. मानसशास्त्र दहावीलाच आहे, हिंदुस्थानी संगीत आहे, आणि २०२१ पासून भारतीय सांकेतिक भाषासुद्धा भाषा विषय म्हणून घेता येते, मला हे फार भारी वाटतं, आपल्या राज्य बोर्डाच्या शाळेत हे सगळं एका ठिकाणी कुठे मिळणार.

चित्रकलेबद्दल एक सांगते, त्यात लेखीपेक्षा प्रॅक्टिकलला जास्त मार्क असतात, तरी लेखी सोडून देऊ नका, त्यात भारतीय कलेचा इतिहास आहे आणि तो अभ्यास केल्यावर आम्ही पांडवलेण्यांवर गेलो तेव्हा मला तिथल्या खांबांकडे बघायची दृष्टीच वेगळी झाली होती. लहानपणापासून दर पावसाळ्यात तिथे जातोय पण तोपर्यंत मी फक्त पायऱ्या चढून वर जाऊन भेळ खाऊन खाली यायचे.

पुस्तकं. अ‍ॅडमिशन झाली की पुस्तकं घरी पोस्टाने येतात आणि त्यांच्या वेबसाइटवर सगळी पीडीएफ फुकट आहेत, अ‍ॅडमिशन न घेताही बघता येतात, तर फॉर्म भरायच्या आधी एक धडा उघडून वाचून बघाच. ही पुस्तकं एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली आहेत हे पहिल्या पानापासून कळतं. पानाच्या कडेला नोट्ससाठी रिकामी पट्टी सोडलेली असते, दर दोन-चार पानांनी छोटे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं धड्याच्या शेवटी असतात, त्यामुळे आपल्याला कळलं की नाही ते आपलं आपल्याला तपासता येतं, कुणाला विचारायला जावं लागत नाही. मी त्या कडेच्या पट्टीत पेन्सिलने माझे प्रश्न लिहायचे, आणि रविवारी मामा आला की त्याच्यापुढे पुस्तक ठेवायचे (मामा इंजिनिअर आहे, गणित आणि विज्ञान त्याच्याकडे, मराठी आजीकडे, इंग्लिश माझं मीच). ज्यांच्या घरी असा मामा नाही त्यांनी विज्ञानासाठी तरी कुणीतरी माणूस शोधून ठेवा, आठवड्यातून एक तास पुरतो पण तो एक तास लागतो. एनआयओएसचे व्हिडिओ आणि मुक्त विद्या वाणी नावाचा इंटरनेट रेडिओ आहे, त्यावर शिक्षक शिकवतात, पण ते बहुतेक हिंदी आणि इंग्लिशमध्ये असतं.

आता टीएमए, ज्याबद्दल कुणीच धड सांगत नाही. टीएमए म्हणजे ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट, प्रत्येक विषयाची एक, हाताने लिहायची, स्कॅन करायची आणि डॅशबोर्डवर (एनआयओएसच्या वेबसाइटवरचं आपलं खातं) पीडीएफ अपलोड करायची. एका टीएमएला २० मार्क, सहा प्रश्न, पहिले तीन दोन-दोन मार्कांचे, मग दोन चार-चार मार्कांचे आणि सहावा सहा मार्कांचा प्रोजेक्ट. लेखी निकालात याचं वजन २० टक्के आहे. आणि आता अभ्यासक्रमाचे दोन भाग केलेत, साधारण ४० टक्के भाग फक्त टीएमएसाठी आणि उरलेला ६० टक्के परीक्षेसाठी, म्हणजे जे धडे टीएमएत आहेत ते परीक्षेला येत नाहीत. ही यादी विषयानुसार वेबसाइटवर असते, पहिल्याच दिवशी प्रिंट काढून भिंतीवर लावा.

बाजारात टीएमए रेडिमेड लिहून मिळतात. खरंच मिळतात, पाचही विषयांचे, हाताने लिहिलेले, घरपोच. आमच्या स्टडी सेंटरमध्येच (नाव लिहीत नाही) एका माणसाने आईला सांगितलं की कशाला मुलीला त्रास देताय, सगळेच विकत घेतात, नंबर देऊ का. आईने नको म्हटलं आणि घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही, तिला फार वाईट वाटलं होतं, आणि मला राग आला होता. कारण अख्ख्या दहावीत मला सगळ्यात जास्त जर कशातून शिकायला मिळालं असेल तर ते त्या टीएमएंमधून.

विज्ञानाचा प्रोजेक्ट सांगते. मी जो पर्याय घेतला त्यात घरातले पदार्थ आम्ल की आम्लारी ते तपासायचं होतं. लिटमस पेपर मिळतो बाजारात, पण मी आजीच्या जास्वंदीची फुलं गरम पाण्यात घालून तो अर्क वापरायचा ठरवला. ओट्यावर वाट्या मांडल्या, लिंबू, ताक, चिंचेचा कोळ, खायचा सोडा, भांड्याचा साबण, कोकम आगळ, आणि आजीने पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून वरची निवळी काढून दिली. लिंबात अर्क घातला की झक्क गडद गुलाबी, सोड्यात हिरवट, आणि चुन्याच्या निवळीत एकदम हिरवागार, आजी स्वयंपाक सोडून बघत उभी राहिली. कोकमाचं मात्र काही कळेना कारण त्याचा स्वतःचाच रंग लाल. मग मी ते खूप पाणी घालून पातळ केलं, इतकं की रंग जवळजवळ दिसेना, आणि मग त्यात अर्क घातला तेव्हा गुलाबी दिसलं, पण तो रंग अर्काचा की कोकमाचा याची खात्री होईना, म्हणून शेजारी अर्क न घातलेलं तसंच पातळ कोकम ठेवून दोन्ही वाट्या पांढऱ्या कागदावर बघितल्या. मामा म्हणाला की याला कंट्रोल म्हणतात, तू न शिकता केलंस. त्या दुपारी मला जे कळलं ते कुठल्याही क्लासमध्ये कुणी फळ्यावर लिहून दिलं असतं तर मी पाठ करून विसरून गेले असते. हे पाचशे रुपयांना विकत घेऊन अपलोड करणाऱ्या मुलांना काय मिळालं ते त्यांचं त्यांना माहीत.

एक अडचण खरी आहे, एप्रिलच्या परीक्षेसाठीचे टीएमए द्यायची मुदत साधारण जानेवारीच्या शेवटाकडे येते आणि ज्यांचा हिवाळा माझ्यासारखा बाहेर जातो त्यांची तारांबळ होते. यावर उपाय एकच, दिवाळीच्या आत टीएमए संपवणं.

स्टडी सेंटर म्हणजे ज्या शाळेशी तुम्हाला जोडून देतात ती. तिथे सुट्टीच्या दिवशी कॉन्टॅक्ट क्लास, म्हणजे पीसीपी, व्हायचे असतात. हे सेंटरनुसार खूप बदलतं. काही सेंटरमध्ये मनापासून घेतात, मैत्रिणीच्या सेंटरला गृहविज्ञानाच्या बाई इतक्या छान होत्या की ती क्लास बुडवायचीच नाही. आमच्या सेंटरला गणिताच्या क्लासला आम्ही दोघीच मुली पोचलो आणि शिपाईकाका म्हणाले सर आज येणार नाहीत, परत पुढच्या रविवारी तेच. नंतर आम्ही जाणं सोडलं, फक्त प्रॅक्टिकलला गेलो. म्हणून अ‍ॅडमिशनच्या वेळी सेंटर निवडायची जी यादी दिसते ना, त्यात घराजवळचं म्हणून डोळे मिटून टिक करू नका, आधी त्या दोन-तीन शाळांमध्ये जाऊन विचारा की क्लास होतात का, प्रॅक्टिकल कुठे होतात, कोण शिकवतं. अर्धा दिवस जातो, पण वर्षभराचं काम होतं. आणि "सगळं आम्ही करून देतो, मुलाने फक्त परीक्षेला यायचं" असं सांगणाऱ्या क्लासवाल्यांपासून लांब राहा, अ‍ॅडमिशन ऑनलाइन आहे, घरी बसून बाबांनी एका संध्याकाळी केली, त्यासाठी कुणाला हजारो रुपये द्यायची गरज नाही.

परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा अ‍ॅडमिशन घेतली की पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. आणि पाचही विषय एकदम द्यायलाच पाहिजेत असं नाही. हीच ती गोष्ट ज्यासाठी मी याला इतर कुठल्याही बोर्डाच्या वर ठेवते. मी एप्रिलमध्ये इंग्लिश, मराठी आणि चित्रकला दिली, आणि गणित-विज्ञान ऑक्टोबरमध्ये. मधला पूर्ण पावसाळा माझ्याकडे फक्त दोन विषय होते, आणि गणिताचं जे भूत लोक म्हणतात ते मला कधी दिसलंच नाही कारण एका वेळी एवढासा घास घ्यायचा होता. पास व्हायला ३३ टक्के लागतात. एखादा विषय राहिला तर तेवढाच परत द्यायचा, मार्क कमी वाटले तर सुधारण्यासाठी परत बसता येतं. शिवाय ऑन डिमांड परीक्षेची सोय आहे, रिजनल सेंटरला तारीख घेऊन जाऊन द्यायची, पण आम्ही ती वापरली नाही त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पेपर दुपारी अडीच ते साडेपाच असतो. एप्रिलमधली नाशिकची दुपार, पंखा असला तरी वारा गरम, पाण्याची बाटली मोठी न्या, आणि जेवण हलकं करून जा. पण परीक्षेच्या हॉलमध्ये मला जे बघायला मिळालं ते शाळेतल्या मुलांना कधीच मिळत नाही असं मला वाटतं. माझ्या पुढच्या बाकावर एक काका होते, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यांना नोकरीत प्रमोशनसाठी दहावी पाहिजे होती. एक कबड्डी खेळणारा मुलगा होता, त्याचे सामने आणि शाळेची परीक्षा कायम एकत्र यायची म्हणून इकडे आला होता. आणि माझ्या शेजारी चाळिशीच्या एक मावशी, पार्लर चालवतात, त्यांनी मला बघून काळजीने विचारलं, "एवढीशी तू, शाळा का गं सोडली, घरी काही अडचण आहे का?" मी म्हटलं नाही मावशी, मी घरीच शिकते, आई-बाबांनी ठरवलं आणि मला पण आवडतं. त्यांना आधी पटेना, मग म्हणाल्या, "माझी पोरगी यंदा दहावीला होती, तिचा पेपर संपला की तिचीच पुस्तकं मी घेऊन बसायचे, म्हटलं आपण पण करून टाकू." मराठीच्या पेपरनंतर त्या निबंधाबद्दल इतक्या उत्साहाने बोलत होत्या, कुठला विषय घेतला, सुरुवात कशी केली, की मी माझ्या रिक्षाला थांबवून ठेवलं. परीक्षेनंतर निबंधाबद्दल असं आनंदाने बोलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी शिकणाऱ्या मुलांना समाज कळत नाही असं जे म्हणतात त्यांना मला तो हॉल दाखवायचा आहे.

लोक काय म्हणतात याबद्दल. आमच्या आत्याने पहिला प्रश्न हाच विचारला की ओपन म्हणजे नापास झालेल्या मुलांचं ना ते? तर नाही. नापास झालेली मुलंही यात असतात, आणि त्यांना परत उभं राहायची संधी मिळते ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यांच्याबरोबर खेळाडू असतात, कलाकार असतात, नोकरी करणारे असतात, अपंग मुलं असतात, आणि आमच्यासारखे असतात. सर्टिफिकेट सीबीएसई किंवा राज्य बोर्डाच्या दहावीइतकंच धरलं जातं. मार्कलिस्टबरोबर मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट येतं, म्हणजे पुढे कॉलेजला शाळेचा दाखला मागतील तेव्हा तेच द्यायचं. मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्यांना जुनी भीती आहे, २०१८ मध्ये ओपनच्या मुलांना नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसू न देण्याचा नियम आला होता पण दिल्ली हायकोर्टाने तो त्याच वर्षी रद्द केला. तरी तुमचा जो कोर्स ठरलेला असेल त्याचं माहितीपत्रक त्या वर्षीचं बघूनच निर्णय घ्या.

घरी शिकणाऱ्या मुलीला रोजच्या जगण्यात खरा त्रास कशाचा असतो तर बोनाफाईडचा. चित्रकलेच्या स्पर्धेचा फॉर्म असो, पोहण्याच्या स्पर्धेत वयोगट लिहायचा असो, सगळीकडे शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांचा शिक्का. तिसरी ते आठवी आम्ही हे सगळीकडे समजावून सांगत फिरायचो आणि काही ठिकाणी नाव मागे घ्यावं लागायचं, तेव्हा मी फार रडले आहे. एनआयओएसचं ओळखपत्र हातात आल्यावर हे खूप कमी झालं. त्यावर फोटो आहे, एनरोलमेंट नंबर आहे, बोर्डाचं नाव आहे. "कितवीला आहेस?" या प्रश्नाला पहिल्यांदाच एका शब्दात उत्तर देता आलं, दहावी. लग्नाकार्यात आईला माझ्याबद्दल अर्धा तास बोलावं लागायचं ते बंद झालं. बाहेरून बघणाऱ्याला ही छोटी गोष्ट वाटेल पण तेरा-चौदाव्या वर्षी ती अजिबात छोटी नसते.

काय कमी आहे? रोज भेटणारं कुणी नसतं, हे सगळ्यात मोठं. ग्रुप प्रोजेक्ट नाही, गॅदरिंग नाही, मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणं नाही. ते तुम्हाला वेगळं उभं करावं लागतं. आम्ही पाच-सहा घरी शिकणारी मुलं कुसुमाग्रज स्मारकाच्या आवारात भेटायला लागलो, आधी आईवडिलांनी जमवलं होतं, नंतर आमचं आम्हीच. कधी कुणी काही वाचून दाखवतं, कधी नुसत्या गप्पा. हे नसतं तर मी याच परीक्षेला याच मार्कांनी पास झाले असते पण दहावीचं वर्ष मला आवडलं नसतं. दुसरं म्हणजे कुणी आठवण करून देत नाही. फी भरायची तारीख, टीएमए, प्रॅक्टिकल, हॉल तिकीट, सगळं तुम्ही वेबसाइटवर जाऊन बघायचं. माझ्या कपाटाच्या दारावर एक मोठा कागद होता, त्यावर सगळ्या तारखा, लाल स्केचपेनने, आणि दर सोमवारी सकाळी डॅशबोर्ड उघडून बघणं हे माझं काम, आई-बाबांचं नाही. पंधराव्या वर्षी हे आपल्याला जमतं, आई-बाबांनो, प्लीज मुलांकडेच द्या.

बाकीचे पर्याय पण विचारतात म्हणून. १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य बोर्डाची दहावी बाहेरून देता येते, ज्यांना बालभारतीची पुस्तकं आवडतात आणि सगळ्यांबरोबर एकाच वेळी परीक्षा द्यायची आहे त्यांना ते बरं, पण विषय निवडायला तेवढा वाव नाही. केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची परीक्षा) प्रायव्हेट म्हणून देता येते, अभ्यासक्रम सुंदर आहे, पण फी एका विषयाचीच इतकी असते की आमच्या घराला परवडणारी नव्हती, आणि प्रायव्हेट मुलांना घेणारं सेंटर शोधत मुंबई-पुण्याला जावं लागतं. एनआयओएसची फी या सगळ्यात मध्यमवर्गीय घराला झेपणारी आहे, मुलींना आणि राखीव गटांना सवलत पण असते.

पाचपैकी मी साडेचार देते, अर्धा मार्क सेंटर-सेंटरमधल्या फरकासाठी कापला. पुस्तकांना पाच, विषयांच्या निवडीला पाच, परीक्षा तोडून द्यायच्या सोयीला द्यायचे असते तर सहा दिले असते.

आता बारावीला पण इथेच अ‍ॅडमिशन घेतली आहे, पर्यावरण विज्ञान (३३३) हा स्वतंत्र विषय आहे हे बघितल्यावर दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. त्याच्याबरोबर जीवशास्त्र, भूगोल, इंग्लिश आणि चित्रकला. यंदाचे टीएमए गणपतीतच सुरू केलेत.

आणि हो, हे लिहायचं राहिलं, फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल असा द्या जो पुढची पाच वर्षं बदलणार नाही, कारण ओटीपी, हॉल तिकीटचं लॉगिन, सगळं त्याच्यावरच येतं. सायबर कॅफेवाल्याचा किंवा क्लासवाल्याचा नंबर तर चुकूनही देऊ नका. कुणाला विषय निवडताना काही विचारायचं असेल तर खाली लिहा, सोमवारी डॅशबोर्ड बघायला बसते तेव्हा उत्तरं देईन.